भैरूच्या जीपचे सुटे भाग

आंबेघळ नावाचं एक गाव होतं. डांबर तिथं संपायचं आणि डोंगर सुरू व्हायचा. त्या गावात भैरू नावाचा भोळा गडी होता. तो ताराक्काची जीप चालवायचा.

भोळा म्हणजे किती भोळा? कुणी म्हणालं, "भैरू, थांब जरा, आलोच," की भैरू थांबायचा. तो माणूस विसरून घरी जायचा, जेवायचा, सुपारी कातरत ओसरीवर बसायचा. भैरू थांबलेलाच. पण जीप मात्र झकास चालवायचा. त्याचं कारण असं, की जीप बोलत नाही. ती काही सांगत नाही, म्हणून भैरूचा घोटाळा होत नाही. घोटाळा व्हायचा तो माणसं बोलली की.

डोंगरावर, वरच्या सपाट कातळावर म्हणजे सड्यावर, सडावाडी होती. तिकडं जायला वाट होती असं म्हणायचं. खरं तर तो ओढा होता. पावसाळ्यात त्यातनं पाणी उतरायचं, बाकीच्या दिवसांत जीप चढायची.

सडावाडीच्या रावजीबाबांची पोरगी सगुणा. दर बाजाराला ती तुपाची किटली मांडीवर घेऊन जीपमध्ये पुढं बसायची. भैरू तिला आवडायचा. गावात हुशार पोरं पुष्कळ होती, पण खोटं न बोलणारा हा एकच होता. त्याला जमतच नव्हतं.

एकदा ती म्हणाली, "भैरू, मला कायमची खाली न्हेशील का?"

भैरूनं विचार केला. "बाजार झाला की गाडी परत वर येती. कायमची खाली ठिवायची तर आक्काला इचारावं लागंल."

त्यानं आक्काला विचारलं. आक्का दोन पोरींची लग्नं केलेली बाई. तिला कळायचं ते कळलं. ती तशीच डोंगर चढून रावजीबाबांकडं गेली.

रावजीबाबा म्हणाले, "पोरगी देतो. पोरगा गुणाचा हाय. पण आमचा सडा हा असा. उद्या बाई अडली, म्हातारं माणूस आजारी पडलं, तर जावयाची गाडी वर याया पायजे. ह्याची गाडी तर एक खेप धड करत न्हाई. म्हणून माझं एकच म्हणणं हाय. लग्नाच्या दिवशी गाडी वाटंत बंद न पडता वर यावी, अन् नवरीला घेऊन कुठं बी न थांबता खाली जावी. वाटंत बसली तर लगीन मोडलं. पेठंतला पिठाच्या गिरणीवाला मागणी घालून बसलाच हाय."

गिरणीवाला विधुर होता. त्याच्या भुवयासुद्धा पांढऱ्या होत्या. त्या पिठानं पांढऱ्या झाल्या होत्या का वयानं, हे सगुणाला अजून कळलं नव्हतं. कळून घ्यायचीही तिची इच्छा नव्हती.

पुढच्याच खेपेला जीप अर्ध्या वाटेत पंक्चर झाली. गाडीत स्टेपनी नव्हती. देवळाचा गुरव गाडीत होता. तो उन्हात बसून राहिला, करवंदं खात राहिला, आणि संध्याकाळपर्यंत त्याचं पोट बिघडलं.

"स्टेपनी कुठाय रं?" आक्कानं विचारलं.

"परसात ठिवलीया."

"परसात? कशापायी?"

"चार चाकं पळत्यात, आक्का. ते पाचवं नुसतं बसून येतं. माणसं मागं लोंबकाळत्यात अन् हे बसतंय. मला बरं वाटंना. उतरवलं."

आक्कानं कपाळावर हात मारला. "आरं बाबा, डोंगराच्या वाटंला जे बिघडंल, त्याचा जोडीला दुसरा पायजे! काय बिघडतंय ते बघायचं, अन् तसला आणखी एक संगं घ्यायचा. डोस्क्यात शिरलं?"

भैरूनं मान डोलावली. भैरूची मान फार छान डोलायची.

घरी जाऊन त्यानं नीट विचार केला. काय बिघडलं होतं? चाक तर मिस्त्रीनं दुरुस्त करून दिलं. बिघडला होता तो गुरव.

पुढच्या खेपेला त्यानं जोडीला दुसरा गुरव घेतला.

आता हे दोन गुरव सख्खे चुलतभाऊ. देवीच्या पूजेची पाळी कुणाची, ह्यावरनं त्यांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. जीपमध्ये ते उघडलं. पहिल्या वळणाला आजोबा निघाले, दुसऱ्या वळणाला आज्या निघाल्या, आणि चढाला लागेपर्यंत एकाचा फेटा दुसऱ्याच्या हातात होता. तेवढ्यात बॉनेटखाली फाट्‌ असा आवाज झाला. पंख्याचा पट्टा तुटला. इंजिन तापून वाफा सोडायला लागलं.

भैरूकडं दुसरा गुरव होता. दुसरा पट्टा नव्हता.

खाली गावात बाबालाल मिस्त्रीची टपरी होती. मिस्त्री शांत माणूस. त्यानं तुटका पट्टा हातात घेतला, भैरूकडं पाहिलं, दोन्ही गुरवांकडं पाहिलं, आणि कपड्यानं हात पुसले.

"भैरू, जोड माणसाचा न्हाई घ्यायचा. गाडीचा घ्यायचा. हा तुटलेला पट्टा घे अन् तालुक्याला जा. दुकानदाराला दाखव. म्हण, मला हुबेहूब ह्यो असाच पायजे. बारकं माप चुकलं तरी बसत न्हाई. तो भलताच गळ्यात मारंल, घेऊ नको."

भैरूनं मान डोलावली.

तालुक्याला दुकानातल्या शेटनं पट्टा पाहिला आणि फळीवरनं नवा काढून दिला.

"ह्यो न्हाई," भैरू म्हणाला.

"अरे, हाच. माप तेच, नंबर तोच."

"ह्यो अख्खा हाय. माझा बगा, हितं तुटलाय."

"नवा आहे तो! नवा तुटका कसा असेल?"

"मला हुबेहूब पायजे," भैरू म्हणाला. "मिस्त्रीनं सांगितलंय, दुकानदार भलताच गळ्यात मारंल."

शेट तापला. मग थंड झाला. मग पुन्हा तापला. शेवटी दुकानामागं भंगाराचा ढीग होता, तिथं जाऊन त्यानं एक तुटका पट्टा आणून भैरूच्या पुढ्यात टाकला. भैरूनं दोन्ही शेजारी धरले. चिरा जुळवल्या. मग तो इतका खुलला, की जाताना त्यानं शेटचे पाय धरले.

टपरीत येऊन त्यानं दोन्ही पट्टे मिस्त्रीला दिले. जुना कुठला आणि नवा कुठला, हे मिस्त्रीलासुद्धा सांगता येईना.

मिस्त्रीनं हात पुसले. हात स्वच्छच होते, तरी पुसले.

"भैरू, हा पट्टा चालतो का?"

"न्हाई चालत."

"मग न चालणारी वस्तू घेऊन काय करायचं? पुन्हा जा. दुकानात घेतानाच बघ, चालती का न्हाई. चालणारी असली तरच घे. न चालणारी फुकट दिली तरी घेऊ नको. काय?"

भैरूनं मान डोलावली आणि पुन्हा तालुक्याला गेला. त्याला बघून शेट गल्ल्यामागं सरकला.

"चालणारी वस्तू दावा," भैरू म्हणाला.

"सगळ्या चालतात."

"मी बघून घेतो."

शेटनं एक प्लग दिला. भैरूनं तो फळीवर ठेवला आणि वाट बघितली. प्लग जागचा हलला नाही. "चल," भैरू हळूच म्हणाला. प्लग गेला नाही. त्यानं पट्टा ठेवला. पट्टा पडून राहिला. बेअरिंग ठेवलं, ते थोडं गेलं. भैरूला आशा वाटली. पण ते फळीवरनं खाली पडलं, आणि पडल्यावर काही उठलं नाही.

तेवढ्यात दुकानाच्या मागच्या दारानं एक बकरी आली. तोंडात पुठ्ठ्याचा तुकडा. ती ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत गेली, वळली, आणि परत आली.

"ही चालती!" भैरू म्हणाला. "ही द्या."

बकरी शेटच्या मेव्हण्यानं आणून सोडलेली. मालाची खोकी खाऊन तिनं शेटचा जीव नकोसा केला होता. शेटनं हात जोडले. "घेऊन जा. फुकट घेऊन जा. आणि बाबा, आता येऊ नकोस."

बकरी बघून मिस्त्री टपरीच्या पायरीवर बसला. तो बसला होता तेवढ्यात खिळ्याला लावलेला दुसऱ्या एका गाडीचा चांगला पट्टा बकरीनं खाल्ला.

आक्का म्हणाली, "मिस्त्री, परवा लगीन. त्या पोरीच्या नशिबात गिरणीच हाय."

हे भैरूनं ऐकलं. सगुणा तुपाची किटली मांडीवर घेऊन गिरणीवाल्याच्या ओट्यावर बसलीय आणि तिच्या भुवया हळूहळू पांढऱ्या होतायत, असं त्याला दिसायला लागलं. त्यानं मिस्त्रीचे पाय धरले. "मिस्त्री, मला नीट सांगा. मी शब्दाबाहेर जायचो न्हाई."

"तेच तर दुखणं हाय, बाबा," मिस्त्री म्हणाला. पण त्याला दया आली.

त्यानं दिवसभर खपून जीप तपासली. तालुक्याहून मागवून नवा पट्टा घातला. एकूण एक नट आवळला. मग भैरूला समोर बसवून, लहान लेकराला घास भरवावा तसं एकेक शब्द हळू सांगितलं.

"मागचं सगळं इसर. जोडीचा इसर, हुबेहूब इसर, चालणारी इसर. एकच ध्यानात ठेव. डोंगराला जाताना सुटे भाग संगं न्यायचे. नट, बोल्ट, प्लग, पट्टा, चाक. सगळे सुटे भाग पोत्यात भरायचे. एक बी मागं राहता कामा नये. टपरीची किल्ली ही घे, लागंल ते काढून घे. जितके सुटे भाग, तितका घोर कमी."

"सगळे सुटे भाग पोत्यात," भैरू म्हणाला.

"शाबास."

"एक बी मागं ठिवायचा न्हाई."

"शाबास रं माझ्या वाघा!"

आक्का आणि मिस्त्री दुसऱ्या दिवशी सकाळीच पायवाटेनं वर गेले. वर मांडवाचं बघायचं होतं, असं आक्का म्हणाली. भैरूच्या गाडीत बसण्यापेक्षा चाललेलं बरं, असं ती म्हणाली नाही.

ती दोघं दिसेनाशी झाली, तसा भैरू सुटे भाग शोधायला लागला.

त्यानं जीपचं दार हलवून पाहिलं. घट्ट. चाक हलवलं. घट्ट. बंपर, दिवा, स्प्रिंगचा पाटा, सगळं घट्ट. तो खाली शिरला, वर चढला, बॉनेट उघडून आत बघितलं. अख्ख्या जीपला एकसुद्धा भाग सुटा नव्हता. कालच मिस्त्रीनं सगळे आवळून ठेवले होते.

भैरूला घाम फुटला. मग त्याला मिस्त्रीची कीव आली. बिचारा! म्हातारपण आलं. सुटे भाग न्यायला सांगितलं आणि सुटे करायचेच विसरला.

त्यानं टपरीतनं नट खोलायचे पाने आणले. आवळलेलं सोडवायचं म्हणजे उलटं फिरवायचं, एवढं त्याला येत होतं. गुरं रानातनं परत यायच्या वेळेला त्यानं शेवटचा नट काढला, पोत्यात टाकला आणि पोत्याचं तोंड बांधलं. जीपच्या जागी आता तेलाचा डाग तेवढा होता. भैरूनं समाधानानं त्या डागाभोवती एक फेरी मारली. काही मागं राहिलेलं नव्हतं.

सकाळी वऱ्हाड जमलं. मामा जरीचा फेटा बांधून आले, मावश्या नव्या लुगड्यात आल्या, दोन्ही गुरव आले.

"गाडी कुठाय?" मामांनी विचारलं.

"पोत्यात," भैरू म्हणाला. डोक्याला बाशिंग, हात तेलानं काळे.

मामांनी पोती बघितली. कडेला लावलेली दारं, चाकं बघितली. "आरं, मग बसायचं कुठं?"

"सीट ती काय, कडुलिंबाखाली. बसा खुशाल. पण मग उचलायची कुणी?"

आता नवरदेवाला मुहूर्ताच्या दिवशी मारता येत नाही. आणि वेळेवर वर गेलं नाही तर लगीन मोडतंय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मामांनी फेटा सारखा केला आणि एक मडगार्ड डोक्यावर घेतलं. मग सगळेच वाकले. थोरल्या मावशीनं स्टिअरिंग घेतलं. धाकटीनं दोन दिवे ओटीत घेतले. गुरवांना बंपर मिळाला, एक टोक एकाला, दुसरं दुसऱ्याला, आणि पाळीचा वाद जिथं थांबला होता तिथनं पुढं सुरू झाला. पोती कुंभाराच्या गाढवांवर चढली. सांगाडा आणि इंजिन दांडक्यांना बांधून बैलांच्या मागं लावलं.

बैलवाला म्हणाला, "भैरू, निदान ह्याला चाकं लाव की. ओढाया सोपं जाईल."

"छ्या! मग ती सुटी कशी ऱ्हातील?"

असं वऱ्हाड निघालं. पुढं बकरी, मागं वाजंत्री, मध्ये जीप.

वर सड्याच्या कडेला सगळी वाडी उभी होती. रावजीबाबा कानामागं हात धरून इंजिनाचा आवाज ऐकत होते. आवाज येत होता सनईचा. सगुणा हळद लावून दारात उभी. ती आधी बघत राहिली, मग तिनं पदर तोंडात कोंबला.

वऱ्हाड अंगणात आलं आणि जीप ठेवायला लागलं. ठेवता ठेवता अंगण भरलं.

मिस्त्रीच्या तोंडातनं शब्द फुटला तो किंकाळीसारखा. "भैरू! हे काय केलंस?"

"सुटे भाग आणले. एक बी मागं ठिवला न्हाई."

"आरं, सुटे भाग जादाचे असत्यात! ते पोत्यातच ठिवायचे! वाटंत गाडी बिघडली तरच भाईर काढायचे, त्याच्या आधी न्हाई! आरं, वाटंत गाडी बिघडली तर?"

"पण बिघडली का?" भैरूनं विचारलं.

मिस्त्रीनं कपड्यानं हात पुसले.

"वाटंत कुठं बंद पडली का?" भैरूनं मामांना विचारलं.

"न्हाई," मामा मानेवर हात फिरवत म्हणाले. "म्हटलं तर बंद न्हाई पडली."

रावजीबाबा दाराकडं, मडगार्डाकडं, पोत्यांकडं बघत राहिले. मग त्यांच्या मिशा हलायला लागल्या. "शब्द दिलाय," ते म्हणाले. "वर यायची ती गाडी आली. पण नवरी गाडीतनं खाली जायची हाय, पोत्यातनं न्हाई. गाडी जुळल्याबिगर अक्षता टाकायच्या न्हाईत."

म्हणून मिस्त्री जीप जुळवायला बसला. वऱ्हाड तिथंच राहिलं. वाडीचे तांदूळ संपले, मग नाचणी काढली, मग नाचणीही संपत आली. रोज सकाळी मामा विचारायचे, "मिस्त्री, कुठवर?" आणि मिस्त्री एक शब्द बोलायचा, तो इथं सांगण्यासारखा नाही. सगुणा त्याला नट उचलून द्यायची. देता देता भैरूकडं बघायची आणि हसू दाबायची.

अखेर जीप उभी राहिली. किल्ली फिरवली, इंजिन बोललं. वाजंत्री वाजली, अक्षता पडल्या, सगुणा भैरूची झाली. गिरणीवाल्याची पाळी गेली.

निघताना मिस्त्री अंगण झाडून बघत होता. मातीत एक नट सापडला. त्यानं तो उन्हात धरला, उलटा केला, सुलटा केला.

"ह्यो कुठला राहिला बरं?"

भैरू खुलला. इतक्या दिवसांनी त्याला नीट उमगलं होतं. "मिस्त्री, ह्यो जादाचा. ह्योच सुटा भाग!" त्यानं नट घेतला आणि खिशात घालून वर गुंडी लावली.

आक्का म्हणाली, "मी आपली चालत येते."

पुढं भैरू आणि सगुणा बसली. मागं मिस्त्री बसला, आपल्या हातानं जुळवलेल्या गाडीला भ्यायचं काय म्हणून. बकरी आपणहून चढली. जीप सड्यावरनं उताराला लागली.

पहिलं वळण झोकात गेलं. दुसरं त्याहून झोकात. तिसऱ्याला मिस्त्रीनं पुढं वाकून भैरूच्या पायाकडं बघितलं. ब्रेक पार तळाला टेकला होता आणि जीप मात्र ऐकत नव्हती. एकदम त्याला आठवलं, तो नट कुठला.

"भैरू! तो नट काढ! खिशातला नट दे!"

"कशाला?"

"आरं, दे म्हणतो ना!"

"तुमीच म्हणालात, सुटा भाग गाडी बिघडली तरच भाईर काढायचा," भैरू वळण घेत म्हणाला. "आपली गाडी कुठं बिघडलीया? बगा की, आजवर कधी पळाली न्हाई अशी पळतीया!"

सगुणानं एका हातानं मुंडावळ्या धरल्या आणि दुसऱ्यानं भोंगा दाबून धरला. कोंबड्या उडाल्या, गुरं बाजूला झाली. जीप ओढ्यातनं उडाली, गावात शिरली, टपरीवरनं गेली आणि ताराक्काच्या परसातल्या कडब्याच्या गंजीत बॉनेटपर्यंत घुसली.

वर सड्याच्या कडेला रावजीबाबा हे सगळं बघत उभे होते. त्यांनी समाधानानं मान हलवली. "जावई शब्दाचा पक्का. कुठं बी थांबला न्हाई."

खाली गंजीतनं आधी बकरी निघाली, कडबा खात. मग सगुणा निघाली, हसत. मग मिस्त्री, कलमा म्हणत. सगळ्यांच्या शेवटी भैरू निघाला. त्यानं आधी खिसा चाचपला. गुंडी शाबूत होती, नट जागेवर होता.

"बगा मिस्त्री," तो म्हणाला, "सुटा भाग संगं होता, म्हणून वाचलो!"